गृहिणीच्या स्वतःच्या नावाचे निवृत्तिवेतन: बेळगाव सीमाभागातील घरांसाठी

नोकरी करणाऱ्याची निवृत्तीची तारीख ठरलेली असते आणि त्या तारखेच्या आधी त्याचे कार्यालय त्याच्याकडून एकेक कागद मागून घेते. घर, मुले, गोठा आणि वेळप्रसंगी शेतही सांभाळणाऱ्या बाईला अशी तारीख नसते आणि तिच्याकडे कागद मागणारेही कोणी नसते; त्यामुळे साठी उलटल्यावर किंवा पतीच्या पश्चात कागद लागतात, तेव्हा ते सगळे एकदमच लागतात. केवळ घर सांभाळल्याबद्दल वृद्धापकाळी मिळणारे स्वतंत्र निवृत्तिवेतन आपल्याकडे नाही. जे मिळते ते तीन वाटांनी येते: पतीच्या नोकरीतून येणारे कुटुंब निवृत्तिवेतन, तिने स्वतः हप्ते भरून किंवा बचत करून उभे केलेले उत्पन्न, आणि सरकारचे सामाजिक सुरक्षा वेतन. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागातील गृहिणींना या तिन्ही वाटा मोकळ्या आहेत. मात्र तिन्हींच्या तोंडाशी एकच अडथळा उभा असतो आणि तो पैशाचा नसून नावाचा असतो, म्हणून सुरुवात तिथूनच केलेली बरी.

आधी सर्व कागदांवर नाव एक करावे

सीमाभागातील अनेकींचे माहेर चंदगड, गडहिंग्लज, आजरा किंवा कागलकडचे असते. शाळेचा दाखला महाराष्ट्रातला, देवनागरीतला आणि माहेरच्या नावाचा असतो; आधार कार्ड कर्नाटकातले, कन्नड व इंग्रजीतले आणि सासरच्या नावाचे असते; पासबुकावर कधी पतीचे पूर्ण नाव मधे येते, तर कधी नुसते आद्याक्षर. त्यात इंग्रजी स्पेलिंगची भर पडते. महाराष्ट्रातील कागदावर 'ज्योती'च्या शेवटी नुसता टी असतो, तर इकडच्या कार्यालयातील टंकलेखक दाक्षिणात्य पद्धतीने त्यापुढे एच जोडतो. 'जाधव'मधला एच एखाद्या कागदावरून गळून पडतो. गावातल्या माणसाला बाई एकच आहे हे दिसते, पण संगणकाच्या लेखी त्या दोन निराळ्या बायका होतात आणि अर्ज परत येतो.

हे दुरुस्त करताना क्रम पाळावा. प्रथम सर्व कागद एका ठिकाणी मांडून कोणते स्पेलिंग कायम ठेवायचे ते ठरवावे. पती सैन्यात किंवा सरकारी नोकरीत असेल, तर त्याच्या सेवापुस्तकात पत्नीचे नाव जसे नोंदलेले आहे तेच प्रमाण मानणे सोयीचे, कारण ती नोंद बदलायला सर्वांत जास्त वेळ लागतो. त्यानंतर उपनिबंधक कार्यालयातून विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र घ्यावे, कारण माहेरचे व सासरचे नाव जोडणारा तोच एक भक्कम दुवा आहे. मग आधार, आधारनंतर पॅन, पॅननंतर बँक आणि शेवटी रेशन कार्ड. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा घाईघाईने एक दुरुस्ती वाया घालवू नये.

जन्मतारखेकडेही याच वेळी पाहून घ्यावे. पन्नाशीच्या पुढच्या कितीतरी बायकांच्या आधारवर १ जानेवारी ही तारीख आढळते. आधार काढताना कोणी अंदाजाने वर्ष सांगितले आणि यंत्राने दिवस भरला. सामाजिक सुरक्षा वेतन असो वा ज्येष्ठ नागरिक बचत, सगळे वयावर ठरत असल्याने अंदाजाची चूक तीन-चार वर्षांची असेल, तर तितकी वर्षे हक्काचे पैसे बुडतात. माहेरच्या शाळेतून जुना दाखला काढून आणणे कंटाळवाणे असले तरी ही चूक त्याच्याच आधारे निस्तरता येते.

पतीच्या नोकरीतील हिस्सा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत, साखर कारखान्यात किंवा खासगी कंपनीत काम करणाऱ्या पतीचा भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर त्यातच १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना अंतर्भूत असते. सदस्याचा नोकरीत असताना मृत्यू झाल्यास, एका महिन्याचा हप्ता जमा असला तरी पत्नीला मासिक वेतन सुरू होते. निवृत्तीनंतर मृत्यू झाल्यास त्याच्या वेतनाच्या निम्मी रक्कम तिला मिळते, आणि ही रक्कम सध्या दरमहा १,००० रुपयांहून कमी नसते. याशिवाय ठेवीशी संलग्न विम्याची अडीच ते सात लाख रुपयांपर्यंतची रक्कम नोकरीत असताना मृत्यू झाल्यास मिळू शकते, हे अनेक घरांत ठाऊकच नसते.

इथे गृहिणीने एकच काम आग्रहाने करून घ्यावे: पतीच्या यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या कायम क्रमांकाच्या, खात्यात ऑनलाइन नामनिर्देशन केले आहे का ते पाहावे. लग्नापूर्वी नोकरीला लागलेल्या मुलाने आईचे किंवा भावाचे नाव दिलेले असते आणि पुढे ते तसेच राहते. लग्नानंतर नामनिर्देशन नव्याने करावे लागते. पत्नीचा फोटो, आधार आणि खाते क्रमांक जवळ असल्यास ते काम मोबाइलवर होते. पतीपुढे हा विषय काढणे अवघड वाटते हे खरे आहे. मरणाची भाषा घरात नको, असे सासूबाई म्हणतात. 'कंपनीने फॉर्म मागितला आहे' असे सांगून बसले की बहुधा भागते.

बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेजिमेंटल सेंटरचे गाव असल्यामुळे तालुक्यातील अनेक घरांत एकतरी माजी सैनिक असतो. सैनिकाच्या पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन सर्वसाधारणपणे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असते आणि ठरावीक काळापुरते ते ५० टक्के दराने मिळते. २०१६ पासून त्याची किमान मर्यादा ९,००० रुपये आहे. संरक्षण विभागाची वेतने आता 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीतून दिली जातात. पती हयात असतानाच त्या खात्यात पत्नीचे नाव, जन्मतारीख आणि आधार क्रमांक तपासून घ्यावा. जुन्या काळी भरतीनंतर लग्नाची नोंद कंपनीच्या कारकुनाने ऐकीव नावाने केलेली असते. घरी सगळे 'सुमन' म्हणतात आणि नोंदीत 'सुमित्रा' असते. ही दुरुस्ती स्वतः सैनिकाने अर्ज केल्यास तुलनेने सहज होते, त्याच्या पश्चात मात्र प्रतिज्ञापत्रे आणि साक्षीदार लागतात. जिल्ह्याचे सैनिक कल्याण कार्यालय यासाठी मदत करते.

स्वतःच्या नावाचे वेतन: चाळिशीच्या आत

१८ ते ४० वयाच्या गृहिणीने सर्वप्रथम अटल पेन्शन योजनेचा विचार करावा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत नोकरीची अट नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. बँकेत किंवा पोस्टात स्वतःच्या नावाचे बचत खाते आणि आधार पुरते. साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपये हमीचे वेतन मिळते आणि त्यासाठीचा हप्ता सुरुवातीच्या वयावर ठरतो. दरमहा ५,००० रुपये हवे असतील, तर २५ व्या वर्षी सुरू करणारीला महिन्याला ३७६ रुपये, ३० व्या वर्षी ५७७, ३५ व्या वर्षी ९०२ आणि चाळिसाव्या वर्षी १,४५४ रुपये भरावे लागतात. आकडे पाहिले की उशिराची किंमत लगेच कळते. तिच्यानंतर पतीला तेवढेच वेतन मिळते आणि दोघांच्या पश्चात वारसाला ५,००० च्या टप्प्यासाठी साडेआठ लाख रुपये मिळतात.

एका गैरसमजामुळे पुष्कळ बायका या योजनेबाहेर राहतात. १ ऑक्टोबर २०२२ पासून प्राप्तिकर भरणाऱ्यांना हे खाते उघडता येत नाही. पण ही अट खातेदाराला लागू आहे, तिच्या पतीला नाही. पती शिक्षक किंवा बँक कर्मचारी असून कर भरत असला, तरी स्वतःचे करपात्र उत्पन्न नसलेल्या पत्नीला खाते उघडता येते. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने 'साहेब टॅक्स भरतात, मग होणार नाही' असे म्हटले, तर शांतपणे नियम दाखवण्याची विनंती करावी.

हप्ता खात्यातून आपोआप वजा होतो, म्हणून वजावटीच्या दिवशी शिल्लक असेल याची काळजी घ्यावी. उशीर झाल्यास शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया दंड लागतो. ज्यांचे खाते कर्नाटक विकास ग्रामीण बँकेत होते, त्यांनी एकदा पासबुक भरून आणावे. १ मे २०२५ रोजी ती बँक विलीन होऊन राज्यात एकच कर्नाटक ग्रामीण बँक झाली, आणि अशा बदलाच्या काळात वजावट चालू आहे ना हे डोळ्यांनी पाहिलेले चांगले. अर्ज अनेकदा कन्नड किंवा इंग्रजीत असतो. वाचता येत नसेल तर दोन रकाने तरी कोणाकडून मोठ्याने वाचून घ्यावेत, एक वेतनाच्या रकमेचा आणि दुसरा नामनिर्देशनाचा; घाईत १,००० च्या रकान्यावर खूण होते आणि बाई वर्षानुवर्षे ५,००० मिळतील असे समजून बसते. निवडलेला टप्पा वर्षातून एकदा बदलता येतो, त्यामुळे चूक उशिरा लक्षात आली तरी सुधारता येते.

तरीही या वेतनावर म्हातारपण निघेल अशी कोणाचीही समजूत करून देणे योग्य नाही. महागाई वर्षाला पाच टक्के धरली, तर २५ वर्षांनंतरच्या ५,००० रुपयांत आजच्या सुमारे दीड हजाराचाच बाजार येईल. औषधे, दूध आणि फोनचे बिल भागेल, पण तेवढेच. म्हणून त्याला दुसऱ्या बचतीची जोड हवी.

घरात बसून कामाचे पैसे मिळवणाऱ्या बायकांचा विचार निराळा करायला हवा. शिलाई, पापड, खानावळ किंवा शहापूर-वडगावातील मागावरचे काम करणारी बाई असंघटित कामगार ठरते. महिन्याचे उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असेल आणि वय चाळीसच्या आत असेल, तर प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजनेत वयानुसार ५५ ते २०० रुपये हप्ता भरता येतो, सरकार तितकीच भर घालते आणि साठीनंतर ३,००० रुपये मिळतात. निपाणी भागातील विडी वळणाऱ्या बायकांचा हक्क तर याहून जुना आहे. घरी बसून विडी वळणारी बाईही भविष्य निर्वाह निधीच्या कायद्याने कामगारच मानली जाते, आणि हे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलेले आहे. तिचा निधी कापला जात असेल, तर दहा वर्षांची सेवा भरल्यावर ५८ व्या वर्षापासून तिला स्वतःचे निवृत्तिवेतन मिळते. ठेकेदार बदलला की जुना क्रमांक टाकून नवा घेण्याची पद्धत पडली आहे. त्यामुळे वर्षे तुटतात आणि दहा भरत नाहीत. जुने क्रमांक एकाच यूएएनला जोडून घेणे हे अशा बाईसाठी सर्वांत मोलाचे काम आहे.

चाळिशी ओलांडली असेल तर

सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीपीएफ, हा अशा गृहिणीसाठी सर्वांत साधा मार्ग वाटतो. पोस्टात किंवा बँकेत खाते उघडता येते, वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात, मुदत १५ वर्षांची असते आणि व्याज करमुक्त असते. पैसे पतीने दिले असले तरी बिघडत नाही. न्यायालयाच्या हुकुमाने कर्जवसुलीसाठी या खात्यावर जप्ती येत नाही, ही गोष्ट कर्जबाजारी शेतकरी कुटुंबात फार महत्त्वाची ठरते. शिवाय हप्त्याची सक्ती नाही. चिकोडी, रायबाग, अथणीकडे घरात पैसा उसाच्या बिलासोबत येतो. कायद्यात ते बिल १४ दिवसांत द्यावे असे म्हटलेले असले तरी प्रत्यक्षात कधी येईल ते कारखानाच जाणे. अशा घरात बिल आले की एकरकमी भरावे, एरवी वर्षाला ५०० रुपये भरून खाते जिवंत ठेवावे. दरमहा भरणाऱ्यांनी मात्र ५ तारखेच्या आत भरावे, कारण महिन्याचे व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजले जाते.

पंचेचाळिशीतील बाईने दरमहा २,००० रुपये, म्हणजे कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेत मिळते तितकीच रक्कम, पीपीएफमध्ये टाकली, तर २०२५ मध्ये असलेल्या ७.१ टक्के दराने १५ वर्षांत ३ लाख ६० हजार भरून सुमारे ६ लाख ३० हजार रुपये होतात. त्यातील सहा लाख साठीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले आणि तिचा ८.२ टक्के दर कायम राहिला, तर दर तीन महिन्यांनी १२,३०० रुपये हातात येतात आणि मुद्दल शाबूत राहते. हे दर सरकार दर तिमाहीला ठरवते, त्यामुळे हिशेब दिशादर्शक समजावा.

राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली, एनपीएस, हीदेखील गृहिणीला खुली आहे. वर्षाला १,००० रुपये भरले तरी खाते चालते आणि पैसा काही प्रमाणात शेअर बाजारात गुंतवला जात असल्याने वाढ अधिक होण्याची शक्यता असते. शेवटी जमलेल्या रकमेचा ठरावीक भाग मासिक वेतनाच्या खरेदीत घालावा लागतो. बाजाराचे चढउतार पाहून झोप उडणार असेल, तर पीपीएफवरच थांबावे.

पिग्मी, भिशी आणि पतसंस्था यांविषयी मात्र स्पष्ट बोलायला हवे. दारात येणाऱ्या पिग्मीवाल्याला रोज पन्नास-शंभर रुपये देण्याची सवय चांगलीच आहे, पण ती रक्कम कुठे जमा होते ते पाहावे. बँकेतील ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे, त्यात सहकारी बँकाही येतात. पतसंस्था आणि सोसायट्यांतील ठेवींना ते नाही. एक-दीड टक्का जादा व्याजासाठी म्हातारपणाची सगळी पुंजी ओळखीच्या चेअरमनच्या भरवशावर सोसायटीत ठेवणे हा धोका आहे, आणि संस्था बुडाल्यावर रांगेत उभ्या राहणाऱ्यांत गृहिणी आणि निवृत्त माणसेच जास्त असतात. वर्षभराची पिग्मी सोडवली की ती रक्कम पीपीएफमध्ये नेऊन भरावी.

सरकारकडून मिळणारे

गृहलक्ष्मी योजना ३० ऑगस्ट २०२३ रोजी म्हैसूर येथे सुरू झाली आणि तिच्यात रेशन कार्डावरील कुटुंबप्रमुख महिलेला दरमहा २,००० रुपये मिळतात. इथे नियम अटल पेन्शनच्या उलट आहे: बाई स्वतः किंवा तिचा पती प्राप्तिकर भरत असेल, तर लाभ मिळत नाही. घरात सासू कुटुंबप्रमुख असते, तिच्या पश्चात रेशन कार्डावरील प्रमुखाचे नाव बदलून नव्याने नोंदणी करावी लागते, ती ग्राम वन किंवा कर्नाटक वन या सरकारी सेवा केंद्रांत होते. ही रक्कम निवृत्तिवेतन नव्हे. तिचे हप्ते मागेपुढे होतात आणि योजना सरकारच्या धोरणावर टिकते. म्हणून त्यावर घर चालवण्यापेक्षा, शक्य असेल त्या घरात, ती बाजूला टाकणे शहाणपणाचे.

दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील ६५ वर्षांवरील व्यक्तीसाठी संध्या सुरक्षा योजना आहे. २०२१ मध्ये तिची रक्कम दरमहा १,२०० रुपये करण्यात आली, त्याच वेळी निराधार विधवा वेतन ८०० रुपये झाले. अर्ज नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात, द्यावा लागतो. सोबत आधार, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा आणि आधारशी जोडलेले खाते हवे. दुसरे कोणतेही निवृत्तिवेतन घेणाऱ्याला संध्या सुरक्षा मिळत नाही, तेव्हा ज्या बाईला पुढे अटल पेन्शन मिळणार आहे तिने दोन्ही धरून हिशेब मांडू नये. पोचपावतीवरचा क्रमांक जपून ठेवावा, कारण पुढची चौकशी त्यावरच होते.

सीमेपलीकडच्या योजनांविषयी दर आठवड्याच्या बाजारात चर्चा असते. महाराष्ट्राची लाडकी बहीण योजना त्या राज्यातील रहिवासी महिलांसाठी आहे, त्यामुळे बेळगावात राहणाऱ्या बाईला ती मिळत नाही, माहेर महाराष्ट्रात असले तरी. उलट बेळगावची मुलगी चंदगडला दिली असेल, तर पतीच्या कागदपत्रांच्या आधारे ती पात्र ठरू शकते. दोन्हीकडे रेशन कार्ड ठेवून दोन्हीकडचे लाभ घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. आधार एकच असल्यामुळे ते उघड होते आणि आधी घेतलेली रक्कमही परत मागितली जाते.

वेतन सुरू झाल्यावर एक काम दरवर्षी उरते. सरकारी कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या बाईने नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला द्यायचा असतो. ऐंशी वर्षांवरील केंद्र सरकारी वेतनधारकांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो. शेणकाम आणि भांडी घासून बोटांचे ठसे पुसट झाले असतील, तर यंत्र ते घेत नाही. अशा वेळी मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, काढता येतो. त्यासाठी मोबाइल क्रमांक आधारशी जोडलेला असावा, आणि तो नातवाचा नसून तिचा स्वतःचा असावा.